घर बदलताना आजूबाजूची बाग आणि झाडं कशी बघून घ्यायची

घर बघायला गेलो की आपण काय काय बघतो, नळ सोडून पाण्याचा फोर्स बघतो, भिंतीला ओल आहे का म्हणून हात लावून बघतो, मोबाईलला रेंज येते का बघतो, आणि बाहेरच्या झाडांचं मात्र बाल्कनीत दोन मिनिटं उभं राहून समोर हिरवं दिसलं की "छान आहे हो" म्हणून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं होतं. पाचवा मजला, समोर मोठं पार्क, बाल्कनीतून नुसते झाडांचे शेंडे, एजंट म्हणाला बाग तुमच्या पायाशीच आहे, आणि आम्ही त्याच संध्याकाळी होकार कळवला. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी आईला घेऊन खाली उतरले तेव्हा कळलं की आमच्या बाजूला पार्कची नुसती कंपाउंडची भिंत आहे, गेट पार पलीकडच्या टोकाला, मध्ये सहापदरी रस्ता, त्याला सिग्नल नाही, आणि घड्याळ लावून चालल्यावर बिल्डिंगच्या दारापासून गेटपर्यंत २२ मिनिटं. आईचे गुडघे दुखतात, तिला ते जमणंच शक्य नव्हतं. मी पहिल्या महिन्यात चार वेळा गेले, दुसऱ्या महिन्यात एकदा, मग बंदच पडलं. दोन वर्षं त्या घरात राहिलो आणि आई त्या बागेत एकदाही बसली नाही, वरून बघायची फक्त.

पुढचं घर शोधताना मी हा विषय धरूनच बसले, मिळेल ते वाचलं, घरं बघताना एक पद्धत बसत गेली, तीच इथे लिहितेय. भाड्याचं असो नाहीतर विकत, दोन्हीला चालेल. आणि आधीच एक सांगते, खिडकीतून दिसणारं हिरवं वेगळं आणि रोज पाय लागणारं हिरवं वेगळं. दोन्हीचा मनावर परिणाम होतो पण वेगवेगळ्या वाटेने होतो, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासायचं, एक आहे म्हणजे दुसरं असणारच असं धरून चालायचं नाही.

खिडकी बसून बघा, उभं राहून नको

खिडकीतलं झाड लोकांना शोभेची गोष्ट वाटते. रॉजर उलरिक ह्यांचा १९८४ चा एक अभ्यास आहे, सायन्स ह्या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी त्यांनी काढल्या, सगळे पेशंट पित्ताशयाच्या ऑपरेशनचे, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत, बाकी खोल्या जवळपास सारख्याच. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या, म्हणजे ४६ जण. झाडं दिसणारे ऑपरेशननंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि भिंतवाले ८.७० दिवसांत, शिवाय झाडंवाल्यांना जोरदार पेनकिलर कमी लागले. अभ्यास लहान आहे आणि एकाच हॉस्पिटलचा आहे, त्यामुळे त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण मला त्यातलं एक फार लागलं, की ही माणसं काहीच करत नव्हती, फिरायला गेली नव्हती, पडून होती, आणि नजर जिथे जाईल तिथे झाड होतं एवढंच.

असं का होत असेल ह्याचं एक उत्तर रेचेल आणि स्टीफन कॅपलन ह्या मिशिगन विद्यापीठातल्या जोडप्याने मांडलं होतं. कामासाठी आपण लक्ष ओढून ताणून एका जागी धरतो, ते दमतं, आणि पानं हलणं, सावली सरकणं, एखादा पक्षी येऊन बसणं ह्याकडे लक्ष आपलं आपण जातं, त्याला ताकद लागत नाही, तेवढ्या वेळात दमलेलं लक्ष परत ताजं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल.

आता हे तपासायचं कसं. घर बघताना बाल्कनीतून बघू नका, म्हणजे बघा, पण निर्णय तिथे घेऊ नका. बाल्कनीत आपण दिवसातून पाच मिनिटं असतो. तुमचा बेड जिथे लागेल, लॅपटॉप जिथे असेल, ओट्यापाशी जिथे उभे राहाल, त्या जागा ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी खरंच बसून, नाहीतर उभं राहून, खिडकीकडे बघा. रिकाम्या घरात खुर्ची नसते, सरळ जमिनीवर बसा, लोक बघत असले तरी बसा. उभं राहिल्यावर दिसणारं झाड बसल्यावर कठड्याच्या खाली जातं, हे मी तीन घरांमध्ये बघितलं. आणि उंच मजल्यावर शेंडे दिसतात ते लांबून हिरव्या गालिच्यासारखे, पान हलताना दिसत नाही, तर दुसऱ्या तिसऱ्या मजल्यावर फांदी खिडकीला टेकते. मला विचाराल तर झाडांच्या बाबतीत खालचे मजले जास्त चांगले, पण मग अंधार आणि डास ह्यांचीही चौकशी करून ठेवा, दुपारी १२ वाजता त्या खोलीत लाईट लावावा लागतो का ते बघा.

किती झाडं दिसली की पुरेत ह्याला एक सोपा नियम आहे, ३-३०-३००, सेसिल कोनाइनेंडाइक ह्या शहरी वनीकरणातल्या तज्ज्ञाने २०२१ मध्ये मांडलेला. घरातून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीच्या निदान ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. बहुतेक शहरांत तिन्ही एकत्र मिळणं अवघडच आहे, पण दोन घरांत गाडी अडली की तिन्ही प्रश्नांची हो-नाही उत्तरं कागदावर लिहून काढा, बरंच चित्र मोकळं होतं.

मॅपवरचा हिरवा रंग

घरी बसूनच अर्धं काम होतं. मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, आणि अंतर मोजायचं टूल असतं त्याने घराभोवती ३०० मीटर धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही साधारण हाच आकडा दिलाय, घरापासून ३०० मीटर सरळ रेषेत निदान अर्धा ते एक हेक्टरची हिरवी जागा, म्हणजे पाच मिनिटं चालून पोचता यावं.

पण सरळ रेषा पक्ष्यांना उपयोगी, आपल्याला रस्त्याने जावं लागतं. आमचं पार्क सरळ रेषेत शंभर मीटरपण नव्हतं. म्हणून मॅपवर आधी गेट शोधा, बागेच्या नावावर क्लिक केलं की पिन बहुतेक वेळा बागेच्या मधोमध लागते, तिचा काही उपयोग नाही, झूम करून वाट कुठून आत शिरते ते बघा आणि त्या ठिकाणापर्यंत चालण्याचा रूट काढा.

दुसरं म्हणजे मॅपवर हिरवं दिसतं ते सगळं तुमच्यासाठी उघडं नसतं. क्लबचं मैदान, एखाद्या संस्थेचा कॅम्पस, सरकारी जागा, नुसता गवत उगवलेला रिकामा प्लॉट, सगळं वरून सारखंच हिरवं. आणि सॅटेलाइटचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे तेही बघा, पावसानंतरच्या फोटोत उजाड जागासुद्धा हिरवीगार दिसते. गूगल अर्थमध्ये जुने फोटो वर्षांप्रमाणे मागे सरकवून बघता येतात, ते नक्की बघा, दहा वर्षांपूर्वी तिथे किती झाडं होती आणि आता किती राहिली हे दोन मिनिटांत कळतं, आणि तो भाग कुठल्या दिशेला चाललाय तेही.

आता चालून बघा, हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग

इंग्लंडमध्ये जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर मॅथ्यू व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते, २०० ते ३०० मिनिटांच्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि ते १२० एकदम केले काय किंवा थोडे थोडे केले काय, फरक नव्हता. ह्याने कारण-परिणाम सिद्ध होत नाही, ज्यांची तब्येत बरी ते जास्त बाहेर पडतात हेही असणारच, पण जुनाट आजार असलेल्यांमध्येही तोच कल दिसला होता म्हणून मला तो आकडा हाताशी धरायला बरा वाटतो.

१२० मिनिटं म्हणजे रोजची १७ मिनिटं. आता हिशोब करा. बाग पाच मिनिटांवर असेल तर ऑफिसमधून आल्यावर चप्पल न बदलता जाऊन वीस मिनिटं बसून अर्ध्या तासात परत येता येतं. बाग २२ मिनिटांवर असेल तर जाण्यायेण्यातच पाऊण तास, म्हणजे ते रविवारवर जातं, आणि रविवारी पाहुणे असतात, कपडे असतात, कोणाचं तरी लग्न असतं. लांबच्या मोठ्या बागेपेक्षा जवळची लहान बाग बरी असं मी म्हणते ते ह्या हिशोबामुळे. मोठी बाग सुंदर असते, तिथे जावंच, पण घर निवडताना तिला जास्त मार्क देऊ नका.

चालताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने चाला. आई असेल, लहान मूल असेल, प्रॅम असेल, त्यांना बरोबर घेऊनच जा, नाही जमलं तर तुम्ही मुद्दाम हळू चाला. फुटपाथ मध्येच संपतो का, रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, ओलांडताना धावावं लागतं का, हे मोजा. मी तर म्हणेन की एक मोठा रस्ता म्हणजे दहा मिनिटं जास्त धरा, कारण रोज ती धास्ती घेऊन कोणी जात नाही.

आणि चार वेगवेगळ्या वेळांना जा. सकाळी सगळ्याच बागा चांगल्या दिसतात, त्यामुळे एकट्या सकाळवर विश्वास ठेवू नका. दुपारी तीनला जा म्हणजे सावली खरंच आहे का ते कळतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर जा, पाणी कुठे साचतं, वाट चिखलाची होते का, ते बघा.

बागेत गेल्यावर काय बघायचं तर आधी गेटवरची पाटी, उघडायची आणि बंद व्हायची वेळ. तुम्ही साडेसातला घरी पोचता आणि बाग सातला बंद होते, मग ती बाग तुमच्यासाठी नाहीये, कितीही जवळ असली तरी. मग बाक बघा. बाकाला पाठ आहे का, कारण म्हाताऱ्या माणसांना पाठीशिवाय बसवत नाही, आणि दुपारी चारला तो सावलीत आहे का. मी एका बागेत सगळे बाक मोजले होते, चौदा होते, त्यातले अकरा भर उन्हात, आणि उरलेल्या तीन बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. स्वच्छतागृह आहे का आणि ते उघडं असतं का, प्यायचं पाणी आहे का, एवढ्याशा गोष्टी वाटतात पण वयस्कर माणूस आणि लहान मूल किती वेळ थांबेल हे ह्याच्यावरच ठरतं.

अजून एक खूण सांगते, मला ती फार उपयोगी पडली. फरशीचा वॉकिंग ट्रॅक असतो, त्याच्या कडेने बघा कुठे गवत झिजून मातीची पायवाट पडलीय का. एका बागेत ट्रॅक चांगला रुंद, लाल फरशांचा, पण त्याच्या आतल्या बाजूने झाडांखालून एक हातभर रुंदीची वाट पडली होती, माती घट्ट तुडवलेली, मुळांवर पाय घासून घासून ती गुळगुळीत झालेली. सगळे चालणारे ट्रॅक सोडून त्या वाटेने चालत होते. म्हणजे ट्रॅक उन्हात आहे आणि माणसं सावली शोधत तिथे गेलीत. अशी वाट दिसली तर वाईट वाटून घेऊ नका, ती बाग लोक खरंच वापरतात आणि आत चालण्याजोगी सावली आहे हे तुम्हाला फुकट कळलं. ज्या बागेत गवतावर कुठेच झीज नाही, बाक नवेकोरे आहेत, तिथे जरा थांबून विचार करा की लोक का येत नाहीत.

कोण बसलंय तेही बघा. अंधार पडल्यावर एखादी बाई एकटी फोनवर बोलत निवांत बसलीय, मुली घोळक्याने बसल्यात, आजोबा आहेत, तर ती जागा सुरक्षित वाटते असं समजायला हरकत नाही. नुसते पुरुषांचेच कोंडाळे असतील आणि दिवे बंद असतील तर घरातल्या बायका तिथे संध्याकाळी जाणार नाहीत, मग कागदावर बाग कितीही जवळ असू दे. तिथे बसलेल्या एखाद्या काकूंना सरळ विचारा, काकू तुम्ही रोज येता का, इथे काही त्रास आहे का, त्या एजंटपेक्षा शंभर पट खरं सांगतील.

शेवटी एका बाकावर फोन खिशात ठेवून दहा मिनिटं बसा. पहिली दोन मिनिटं नुसता ट्रॅफिक ऐकू येईल. त्यानंतर पानांचा, पक्ष्यांचा, मुलांचा आवाज वर येतो का, की ट्रॅफिकच राहतो, ते ऐका. झाडांची एक रांग असली की आवाज थांबतो असं लोक म्हणतात पण एका रांगेने आवाज फारसा कमी होत नाही, त्याला खूप जाड पट्टा लागतो. प्रदूषणाचंही तसंच, दोन्ही बाजूंना उंच बिल्डिंगा आणि मध्ये अरुंद रस्ता असेल तर वरून गच्च मिटलेली झाडं उलट धूर खाली कोंडून ठेवू शकतात. म्हणून भर रहदारीच्या रस्त्यावरची झाडं बघून हवा चांगली असेल असं ठरवू नका.

गवत आणि झाड ह्यांत गल्लत नको

नव्या प्रोजेक्टच्या ब्रोशरमध्ये लँडस्केप गार्डन म्हणून जे दाखवतात ते बहुतेक पार्किंगच्या स्लॅबवर टाकलेली माती, त्यावर लॉन आणि कुंड्यांत पाम. दिसायला नीटनेटकं असतं. पण ऑस्ट्रेलियात थॉमस अॅस्टेल-बर्ट आणि शियाओची फेंग ह्यांनी सिडनी, न्यूकॅसल आणि वोलोंगाँगमधल्या ४५ वर्षांवरच्या ४६,७८६ लोकांचा काही वर्षं माग घेतला, तो अभ्यास २०१९ मध्ये आला. ज्यांच्या घराजवळच्या भागात ३० टक्के किंवा जास्त झाडांची छाया होती त्यांच्यात मानसिक ताणाची शक्यता ३१ टक्के कमी निघाली. नुसत्या गवताचा तसा फायदा दिसला नाही. गवत वाईट असं मी म्हणत नाही, मुलांना पळायला ते लागतंच, पण दुपारी दोनला गवतावर कोण बसतं.

स्लॅबवरच्या मातीची खोली नक्की विचारा. हातभर मातीत मोठं झाड कधीच होणार नाही, आज लावलेलं रोप दहा वर्षांनीही रोपच राहणार. आणि जुन्या वस्तीतल्या जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट अगदी खोडापर्यंत घातलंय का बघा, घातलं असेल तर त्या झाडाला पाणी मिळत नाहीये, ते किती वर्षं टिकेल सांगता येत नाही.

टिकण्याचा प्रश्न नीट घ्या. समोरचा मोकळा हिरवा प्लॉट कोणाचा आहे, शहराच्या विकास आराखड्यात तो बागेसाठी राखीव आहे की बांधकामासाठी, हे तोंडी विचारू नका, आराखड्यात बघा. राखीव नसेल तर तिथे बिल्डिंग उभी राहणार असं समजूनच घराचा विचार करा. आणि रस्त्यावर एकाच जातीची झाडं ओळीने आहेत का मिश्र आहेत तेही बघा. अमेरिकेत अॅश नावाच्या झाडांना पोखरणारा एक किडा २००२ मध्ये सापडला आणि दहा कोटींच्या घरात झाडं मेली, आख्खे रस्ते बोडके झाले. जेफ्री डोनोव्हन ह्यांनी १५ राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तर ज्या भागांत हा किडा पसरला तिथे हृदयविकाराने आणि श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू जास्त आढळले, दोन्ही मिळून २१,००० च्या वर. हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपण झाडांना बॅकग्राउंड समजतो आणि ती गेल्यावर शरीराला कळतं.

मुलं असतील, किंवा जास्त पैसे मोजायचे असतील तर

डेन्मार्कमध्ये क्रिस्टीन एंगेमान ह्यांच्या टीमने ९ लाखांहून जास्त लोकांचा डेटा घेतला, १९८५ ते २००३ मध्ये जन्मलेले, आणि सॅटेलाइटवरून त्यांच्या लहानपणीच्या घराभोवती किती हिरवं होतं ते काढलं. सगळ्यात कमी हिरव्या भागात वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता, आणि घरची परिस्थिती, आईवडिलांचे आजार हे हिशोबात धरूनसुद्धा संबंध राहिला. मुलं लहान असताना घर बदलणार असाल तर मी बाकीच्या दहा सोयींपेक्षा ह्याला वजन देईन. क्लबहाऊस, स्विमिंग पूल ठीक आहे, पण शाळेतून आल्यावर मूल एकटं जाऊन येऊ शकेल अशी झाडांची जागा आहे का, हे आधी.

हिरव्या भागातली घरं महाग असतात हे खरंच आहे. न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेल्वेलाईनवर हाय लाईन नावाचं पार्क २००९ मध्ये सुरू झालं आणि आजूबाजूचे दर असे चढले की जुन्या रहिवाशांना तिथे राहणं अवघड झालं. भाड्याने राहत असाल तर हे ध्यानात ठेवा, शेजारी नवीन मोठं पार्क होतंय ही बातमी तुमच्यासाठी भाडंवाढीची पण असू शकते, त्यामुळे शक्य असेल तर आधीच लांब मुदतीचा करार करा. माझी एक युक्ती अशी की पार्क-फेसिंग घराच्या मागे लागू नका. गेट ज्या गल्लीत उघडतं त्या गल्लीत आत दोन बिल्डिंगा सोडून बघा, तिथून पार्क दिसत नाही म्हणून दर कमी असतो, आणि चालायला तीनच मिनिटं लागतात. मग खिडकीसमोर दोन-तीन साधी झाडं असलेला फ्लॅट तिथे शोधायचा. दिसणारं आणि पाय लागणारं दोन्ही मिळतं आणि व्ह्यूचे जास्तीचे पैसे वाचतात.

एवढा खर्च करून जावं का, ह्याला मला सगळ्यात जवळचं उत्तर एका ब्रिटिश अभ्यासात मिळालं, इयन अल्कॉक आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. घर बदललेल्या हजारावर लोकांची आधीची आणि नंतरची मनाची अवस्था त्यांनी वर्षावर्षाने बघितली. तीच माणसं आधी आणि नंतर, हा ह्या अभ्यासाचा मोठेपणा, कारण नाहीतर बरी परिस्थिती असलेलेच लोक हिरव्या भागात राहतात म्हणून ते सुखी असतात असं म्हणता येतं. जास्त हिरव्या भागात गेलेल्यांची मनाची अवस्था नंतरच्या तिन्ही वर्षांत आधीपेक्षा चांगली राहिली. पगारवाढीचा किंवा नव्या वस्तूचा आनंद ओसरतो तसं हे ओसरलं नाही.

कमी हिरव्या ठिकाणी जावं लागलं तर

नोकरी असते, शाळा असते, घरच्यांचं दुखणं असतं, सगळ्यांना निवडता येत नाही. त्याच अभ्यासात कमी हिरव्या भागात गेलेल्यांचं मन जायच्या आदल्या वर्षी खालावलेलं दिसलं, आणि गेल्यावर ते परत पूर्वीच्या पातळीवर आलं. म्हणजे मनाची ओढाताण जास्त करून जाण्याच्या आधी होते. हे वाचून मला धीर आला होता, तुम्हालाही येऊ दे.

अशा वेळी एक खिडकी वाचवा. सगळ्या खिडक्यांमधून जिथून थोडं तरी आकाश आणि एक तरी झाड दिसतं तिथे तुमची रोजची खुर्ची ठेवा, तिथे कपाट नका लावू. कुंड्या ठेवा. आणि घरामागे एखादा कचऱ्याचा रिकामा प्लॉट असेल तर त्याच्याकडे बघण्याची नजर बदला. फिलाडेल्फियात ५४१ रिकाम्या प्लॉटवर प्रयोग झाला, युजीनिया साउथ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही प्लॉटवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली आणि छोटं लाकडी कुंपण घातलं, काहींवर नुसती सफाई केली, काही तसेच ठेवले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्या लोकांचं उदास वाटण्याचं प्रमाण तसेच ठेवलेल्यांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी कमी झालं. नुसत्या सफाईने तसा ठळक फरक पडला नाही. म्हणून गल्लीत चार घरं मिळून असं काही करायचं असेल तर सफाई करून थांबू नका, जागामालकाची लेखी परवानगी घ्या, झाडं लावा, आणि कुंपण घालाच, कुंपण असलं की लोक परत कचरा टाकायला कचरतात.

राहायला गेल्यावर

घर बदलल्यावर पहिले तीन महिने सवयी मोकळ्या असतात. बास व्हर्प्लँकन आणि डेबी रॉय ह्यांनी २०१६ मध्ये सुमारे ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात, नुकतंच घर बदललेल्यांना पर्यावरणाला धरून नव्या सवयी लावणं जास्त जमलं, आणि ती मुभा साधारण तीन महिन्यांपर्यंत होती. तो अभ्यास बागेत जाण्याचा नव्हता, पण आमचा अनुभव त्याला धरूनच आहे. पहिल्या घरी आम्ही "सामान लागलं की जाऊ" म्हणत राहिलो आणि तेवढ्यात संध्याकाळी टीव्ही लावायची सवय बसली.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं. टेम्पो संध्याकाळी साडेपाचला रिकामा झाला, घरभर खोकी, चहाची भांडी कुठल्या खोक्यात आहेत ते कोणालाच माहीत नाही, आणि मी आईला म्हटलं चल. घरातून निघालो, एकच छोटा रस्ता, तिच्या चालीने सहा मिनिटं लागली. गेटातून आत गेल्यावर डावीकडे तिसरा बाक, पाठ असलेला, झाडाखाली, तो मी आधीच हेरून ठेवला होता. आई बसली, तिने चपला काढून पाय मातीवर टेकवले, आणि म्हणाली, तू जा, खोकी उघड, मी येते माझी माझी.